हातमागाच्या विशेष आवरणांचा संग्रह: नागपुरात राहून तो कसा उभा करावा

स्वातंत्र्याच्या अमृत महोत्सवाच्या निमित्ताने २०२१ साली भारतीय टपाल खात्याने भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी जोडलेली कायदेशीर ओळख, मिळालेल्या वस्तूंवर विशेष आवरणांची, म्हणजे खास शिक्का मारलेल्या छापील लिफाफ्यांची, मोठी मालिका काढली. देशभरातल्या निरनिराळ्या सर्कलांनी, म्हणजे टपाल खात्याच्या प्रादेशिक विभागांनी, त्यात भाग घेतला आणि फळे, मसाले, खेळणी, भांडी यांच्या जोडीला हातमागाच्या कापडांनाही त्या मालिकेत भरपूर जागा मिळाली. तिकिटे जमवणाऱ्यांसाठी हा विषय नवा नव्हता, परंतु साड्यांची पारख असलेल्या, माग जवळून पाहिलेल्या माणसालाही टपालाच्या छंदात शिरता येईल असा एक सोपा दरवाजा त्यामुळे उघडला. नागपूरच्या माणसासाठी तर हा विषय घराजवळचा आहे, कारण विदर्भाची करवत काटी साडी मानांकनाच्या यादीत आहे, जी.पी.ओ.मध्ये, म्हणजे मुख्य टपाल कचेरीत, फिलाटेलिक ब्युरो (तिकीट संग्राहकांसाठीची शाखा) आहे आणि खादीचे वर्धा पंचाहत्तर किलोमीटरच्या आसपास आहे. पुढील विवेचन अगदी पहिल्या कव्हरापासून सुरुवात करणाऱ्यासाठी आहे. ज्याच्याकडे चार-दोन अल्बम आधीच भरलेले आहेत, त्याला मधले आणि शेवटचे भाग अधिक उपयोगाचे वाटतील.

आधी प्रकार ओळखा

टपाल खाते नवे तिकीट काढते तेव्हा त्यासोबत एक छापील लिफाफा निघतो, त्यावर ते तिकीट लावून पहिल्या दिवसाचा शिक्का मारला जातो, आणि त्याला प्रथम दिवस आवरण किंवा फर्स्ट डे कव्हर म्हणतात. विशेष आवरणात नवे तिकीट नसते. एखादा प्रसंग, संस्था, व्यक्ती किंवा वस्तू यांच्या निमित्ताने एखादे सर्कल लिफाफा छापते, त्यावर चलनात असलेले कोणतेही साजेसे तिकीट लावले जाते आणि त्या दिवसापुरता, त्या ठिकाणापुरता खास कोरलेला शिक्का त्यावर उमटवला जातो. तिसरा प्रकार खाजगी कव्हरांचा: एखादी संस्था किंवा संग्राहक स्वतः लिफाफा छापून घेतो आणि त्यावर टपाल कचेरीचा नेहमीचा किंवा विशेष शिक्का मिळवतो. चौथे म्हणजे मॅक्सिमम कार्ड, ज्यात चित्राच्या पोस्टकार्डावर चित्राच्याच बाजूला तिकीट लावून शिक्का घेतात, आणि चित्र, तिकीट व शिक्का या तिघांचा विषय एकच असावा लागतो.

विशेष आवरण हातात घेतल्यावर बहुतेकांची नजर डावीकडच्या रंगीत चित्राकडे जाते. मोराचा पदर सुंदर छापलेला असतो, त्यामुळे ते स्वाभाविक आहे. पण टपालाच्या दृष्टीने ते चित्र केवळ सजावट आहे. कव्हराचे खरे मोल उजव्या कोपऱ्यात असते, जिथे शिक्क्याने गाव, तारीख आणि विषय एकत्र नोंदवलेले असतात. पैठणीच्या कव्हरावर पैठणचा किंवा येवल्याचा शिक्का असेल तर तो कागद त्या कापडाच्या गावातून निघालेला असतो. तोच लिफाफा एखाद्या दूरच्या शहराचा साधा शिक्का घेऊन आला तर त्याचे नाते पातळ होते. कव्हर घ्यायचे की सोडायचे, हे ठरवताना चित्र झाकून फक्त उजवी बाजू पाहण्याची सवय लावून घ्यावी, असा माझा आग्रह आहे.

व्याप्ती ठरवा

«भारतातील सर्व वस्त्रकला» असा संग्रह सुरू करणे सोपे आणि पूर्ण करणे अशक्य आहे. भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ चा, तो अमलात आला १५ सप्टेंबर २००३ रोजी, आणि त्यानंतर नोंदल्या गेलेल्या वस्तूंमध्ये हातमाग, छपाई आणि भरतकाम यांची संख्या इतकी वाढली आहे की एका माणसाच्या कपाटात ती मावणार नाहीत. म्हणून आधी वर्तुळ लहान काढावे.

नागपूरच्या संग्राहकाने पहिले वर्तुळ महाराष्ट्राचे काढावे. राज्यातल्या मानांकित वस्त्रांत सोलापुरी चादर, सोलापुरी टेरी टॉवेल, पैठणी, करवत काटी आणि, वस्त्रापेक्षा शिरोभूषण असली तरी कापडाचीच असलेली, पुणेरी पगडी अशी नावे आहेत. यांतली सोलापुरी चादर ही राज्यातली पहिली मानांकित वस्तू. दुसरे वर्तुळ शेजारच्या राज्यांचे: मध्य प्रदेशातील चंदेरी, महेश्वरी आणि बागची ठशांची छपाई, छत्तीसगडमधील चांप्याचा कोसा, तेलंगणातील पोचमपल्ली इकत. नागपूरहून या सगळ्या दिशांना थेट गाड्या जातात, त्यामुळे कव्हराबरोबर कापड आणि माग पाहून येणेही जमते. गुजरातचे पाटण पटोळे, कांचीपुरम, बनारस, काश्मीरची शाल वगैरे तिसऱ्या वर्तुळात राहू द्यावे.

दुसरी विभागणी तंत्रानुसार करावी. पैठणी, करवत काटी, चंदेरी ही विणकामे आहेत. इकत आणि पटोळे यांत सूत विणण्यापूर्वीच बांधून रंगवलेले असते. बाग आणि कलमकारी यांत तयार कापडावर ठशाने किंवा कलमाने काम होते. फुलकारी आणि चिकन हे भरतकाम आहे. ही सरमिसळ एकाच पानावर झाली की पाहणाऱ्याला काहीच कळत नाही. टपाल खात्यानेही तिकिटे काढताना हा भेद पाळल्याचे दिसते. २००९ मधल्या पारंपरिक वस्त्रांच्या संचात कलमकारी, आपातानी विणकाम, बनारसी रेशीम आणि कांचीपुरम रेशीम होते, तर भरतकामावर २०१९ मध्ये स्वतंत्र तिकिटे निघाली. हे दोन्ही संच आणि त्यांची प्रथम दिवस आवरणे संग्रहाचा कणा म्हणून घ्यावीत. त्यांच्या जोडीला २०११ मध्ये इंडिपेक्स प्रदर्शनाच्या वेळी निघालेली गांधीजींची खादीवर छापलेली शंभर रुपयांची मिनिएचर शीट (तिकीट असलेला छोटा सजवलेला ताव) असावी. तिथे कापड चित्रात न दाखवता प्रत्यक्ष कापडावरच छपाई केलेली आहे, त्यामुळे या विषयात तिचे स्थान वेगळे आहे.

कापड पाहिल्याशिवाय कव्हर घेऊ नका

हा टप्पा पुष्कळ लोक गाळतात, आणि संग्रहातली निम्मी गंमत तिथेच जाते. कव्हरावरचे चित्र आणि पाठीमागचा मजकूर बरोबर आहे की नाही, हे ओळखायचे तर त्या कापडाची दोन-तीन ठळक लक्षणे माहीत हवीत.

करवत काटीचे उदाहरण घेऊ. या साडीचे अंग टसरचे, म्हणजे आपल्याकडे ज्याला कोसा म्हणतात त्या रेशमाचे असते. कोशाचे किडे भंडारा-गडचिरोलीकडच्या जंगलात ऐनाच्या झाडांवर वाढवले जातात, आणि त्या सुताचा मूळ रंग मधासारखा, किंचित तपकिरी असतो. काठ भरीव, वेगळ्या रंगाचा असतो आणि जिथे काठ संपून अंग सुरू होते तिथे दातेरी रेष असते, करवतीच्या दात्यांची. हे दाते छापलेले किंवा भरलेले नसतात. डावा काठ, अंग आणि उजवा काठ यांसाठी तीन स्वतंत्र धोटे चालतात, दर फेरीला काठाचे आणि अंगाचे बाण्याचे, म्हणजे आडवे, सूत एकमेकांत अडकवले जाते, आणि त्या अडकवणीतून दाते तयार होतात. हे एकदा डोळ्यांनी पाहिले की कव्हरावरच्या चित्रात दाते काठाच्या बाहेरच्या कडेला काढलेले असतील, किंवा जरीच्या पट्टीलाच करवत काटी म्हटलेले असेल, तर ते लगेच खटकते.

पैठणीबाबत दोन गोष्टी पाहाव्यात. पदरावरची नक्षी लहान लहान कांड्यांनी, रंगागणिक सूत फिरवून आणि शेजारच्या सुताशी गुंतवून विणतात, म्हणून अस्सल पैठणीची उलट बाजूही सुलट बाजूइतकीच स्वच्छ असते, मागे सुटे धागे लोंबत नाहीत. दुसरी गोष्ट नक्षीची नावे: बांगडी मोर, आसावली, मुनिया, कमळ, नारळी काठ. कव्हराच्या मजकुरात ज्या नक्षीचे नाव आहे तीच चित्रात आहे का, हे पडताळून पाहावे. पोपटाच्या चित्राखाली मोराचा मजकूर असेल तर ती चूक संग्रहाच्या पानावर टिपून ठेवावी, कव्हर टाकून देऊ नये; चुकीसह छापलेले अधिकृत कव्हर हाही एक दस्तऐवजच असतो.

हे सगळे शिकायला नागपुरात अडचण नाही. केंद्र शासनाचे विणकर सेवा केंद्र शहरात आहे. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या हस्तकला मेळ्यांत निरनिराळ्या राज्यांतले विणकर येतात, आणि त्यांच्याशी ग्राहक म्हणून बोलण्यापेक्षा जाणून घेण्यासाठी बोलले तर ते मनापासून सांगतात. ज्यांना एक दिवस काढता येईल त्यांनी भंडारा जिल्ह्यात मोहाडी-आंधळगावच्या बाजूला जाऊन कोशाचा माग चालताना पाहावा. वर्ध्याचे मगन संग्रहालय, ज्याचे उद्घाटन ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते झाले, खादीच्या साधनांसाठी पाहण्यासारखे आहे. २०१५ च्या चरख्याच्या तिकिटाचे पान तयार करण्याआधी ही फेरी अवश्य करावी.

कव्हरे मिळवण्याचे मार्ग

पहिला मार्ग सिव्हिल लाइन्समधल्या जी.पी.ओ.चा. तिथल्या फिलाटेलिक ब्युरोच्या काउंटरवर नवी तिकिटे, प्रथम दिवस आवरणे, माहितीपत्रके आणि शिल्लक असतील ती विशेष आवरणे मिळतात. जाताना एक कडक पुठ्ठ्याचे फोल्डर न्यावे, कारण कव्हर हातात किंवा गाडीच्या डिकीत मुडपले की ते पुन्हा पूर्वीसारखे होत नाही. काउंटरवर एकेक कव्हर उलटसुलट पाहून घ्यावे. शिक्का पुसट किंवा डबल उमटलेला असेल तर दुसरी प्रत नम्रपणे मागावी. गर्दी नसेल तर कर्मचारी बहुधा दाखवतात.

याच ब्युरोत फिलाटेली डिपॉझिट खाते उघडता येते. किमान दोनशे रुपये भरून, कोणती सामग्री किती प्रतींत हवी ते अर्जात लिहिले की नवी तिकिटे निघतील तशी घरपोच येतात आणि रक्कम खात्यातून वळती होते. मात्र या खात्याची मुख्य सोय नव्या तिकिटांसाठी आहे. विशेष आवरणे सर्कलच्या पातळीवर निघतात, म्हणून ती हवी असल्यास वेगळी मागणी कशी नोंदवायची हे काउंटरवर आधीच विचारून घ्यावे. दुसऱ्या राज्यांच्या कव्हरांसाठी त्या त्या सर्कलच्या मुख्य ब्युरोशी पत्रव्यवहार करावा लागतो. पत्रात कव्हराचे नाव, विमोचनाची तारीख आणि प्रतींची संख्या नेमकी लिहावी. «वस्त्रांवरची सगळी पाठवा» अशा पत्राला उत्तर येत नाही.

तारखा लक्षात ठेवल्या तर पुष्कळ काम सोपे होते. ७ ऑगस्ट हा राष्ट्रीय हातमाग दिन. १९०५ च्या स्वदेशी चळवळीची आठवण म्हणून तो २०१५ पासून पाळला जातो. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यातला टपाल सप्ताह हा विशेष आवरणांचा हंगामच असतो. जिल्हा आणि राज्य पातळीवरच्या टपाल तिकीट प्रदर्शनांतही दररोज एखादे तरी कव्हर निघते. या दिवसांच्या पंधरा दिवस आधी ब्युरोत चौकशी करून ठेवावी.

राहिला विक्रेत्यांचा आणि ऑनलाइन लिलावांचा मार्ग. तो वर्ज्य नाही, पण इथे «दुर्मीळ» हा शब्द फार स्वस्त झाला आहे. दोन-चार वर्षांपूर्वी काउंटरवर दोन आकडी किमतीला मिळालेले कव्हर कोणी हजारात सांगत असेल तर आठवडाभर थांबावे, तेच कव्हर दुसरीकडे दिसते. भाव वाढेल या आशेने वस्त्रांची आधुनिक कव्हरे घेणाऱ्याने सोने घ्यावे हे बरे.

स्वतः कव्हर घडवणे

अधिकृत आवरणांइतकाच, किंबहुना त्याहून जास्त समाधान देणारा प्रकार म्हणजे विणकरांच्या गावातून टपालाने प्रवास करून आलेले स्वतःचे कव्हर. पद्धत अशी. जाड, शक्यतो आम्लविरहित कागदाचा साधा पांढरा लिफाफा घ्यावा. विषयाशी जुळणारे तिकीट, उदाहरणार्थ चरख्याचे किंवा वस्त्रांच्या संचातले, उजव्या वरच्या कोपऱ्यात लावावे; कडेपासून बोटभर जागा सोडावी म्हणजे शिक्क्याचे वर्तुळ पूर्ण उमटते. आत पातळ पुठ्ठा घालावा, त्यामुळे शिक्का मारताना खाली सपाट आधार मिळतो आणि पुढच्या प्रवासात लिफाफा मुडपत नाही. देशांतर्गत पत्राला वीस ग्रॅमपर्यंत पाच रुपयांचे तिकीट लागते, पण पुठ्ठ्यासह वजन त्यापुढे जाण्याची शक्यता असते, म्हणून तयार लिफाफा काउंटरवर तोलून घ्यावा. तिकीट कमी पडले तर पोचताना दंडाचा शेरा पडतो.

पत्ता स्वतःचाच, नीट अक्षरात, खालच्या उजव्या भागात लिहावा. हा लिफाफा दुसऱ्या मोठ्या पाकिटात घालून पैठणच्या (पिन ४३११०७) किंवा येवल्याच्या (पिन ४२३४०१) पोस्टमास्तरांच्या नावे पाठवावा, आणि सोबत एक लहानसे पत्र ठेवावे: «सोबतच्या लिफाफ्यावरील तिकिटावर आपल्या कचेरीचा तारखेचा शिक्का हाताने, स्पष्ट उमटवून तो नेहमीच्या टपालाने पुढे पाठवावा, ही विनंती. हा लिफाफा संग्रहासाठी आहे.» शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे, कारण त्याशिवाय पत्र छाननी केंद्रात यंत्राखाली जाऊन त्यावर लांबट, अस्पष्ट छाप येण्याचा धोका असतो. प्रत्यक्ष त्या गावी जाणे जमत असेल तर अर्थातच उत्तम. काउंटरवर स्वतः उभे राहून शिक्का घेता येतो आणि शाईच्या गादीवर नवी शाई घालण्याची विनंतीही करता येते. घरी लिफाफा पोचल्यावर पाठीमागे आपल्या वाटप कचेरीचा शिक्का आला तर प्रवासाचा पुरावा पूर्ण होतो. पूर्वी असे कव्हर रजिस्टर करून पाठवण्याची पद्धत होती. २०२५ मध्ये नोंदणीकृत टपाल स्पीड पोस्टमध्ये विलीन झाल्यामुळे आता लेबल आणि दर दोन्ही बदलले आहेत, आणि जुनी रजिस्टर लेबले असलेली वस्त्रविषयक कव्हरे म्हणूनच जपून ठेवावीत.

काही टपाल कचेऱ्यांत कायमस्वरूपी सचित्र शिक्के असतात, म्हणजे त्या स्थळाचे चित्र असलेला शिक्का वर्षभर केव्हाही मिळतो. आपल्या विषयाला लागून असलेली स्थळे कोणती, हे ब्युरोतल्या यादीत पाहावे.

अस्सलपणा तपासणे

दहापट मोठे दाखवणारे भिंग एवढेच साधन पुरते. कव्हर उजेडात धरून आधी शिक्क्याची शाई पाहावी. हाताने मारलेल्या शिक्क्याची शाई कागदाच्या तंतूंत थोडी झिरपलेली असते, एका बाजूला दाब जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी असतो. छापून काढलेला नकली शिक्का सगळीकडे सारखा असतो आणि भिंगाखाली त्यात बारीक ठिपक्यांची जाळी दिसते. मग तिकिटाच्या कडेवर नजर स्थिर करावी. शिक्क्याची रेष तिकिटावरून लिफाफ्यावर उतरताना तुटता कामा नये. ती तिकिटाच्या दातेरी कडेपाशी किंचितही सरकली असेल तर मूळ तिकीट काढून दुसरे चिकटवलेले असण्याची शक्यता असते.

यानंतर तारखांची सांगड घालावी. शिक्क्यावरच्या तारखेनंतर निघालेले तिकीट कव्हरावर असेल तर पुढे तपासण्याची गरज नाही. ही चूक नकली माल करणाऱ्यांकडून आश्चर्य वाटावे इतक्या वेळा होते, कारण त्यांना कापड आणि चित्र दिसते, तिकिटांची सूची माहीत नसते. शेवटी पाठीमागे किंवा तळाशी छापलेला मान्यता क्रमांक पाहावा. त्यात साधारणपणे सर्कलचे संक्षिप्त नाव, अनुक्रमांक आणि साल असते. तो नसेल तर ते कव्हर खाजगी समजून त्याच हिशेबाने किंमत करावी. खाजगी असणे म्हणजे खोटे असणे नव्हे, पण «अधिकृत» म्हणून पैसे मोजू नयेत.

नागपूरच्या हवेत जतन

इथे थोडा वेळ थांबावे लागेल, कारण पुण्या-मुंबईच्या संग्राहकांनी दिलेले सल्ले नागपुरात जसेच्या तसे चालत नाहीत. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो, कागद कोरडा पडतो, लिफाफ्याच्या झाकणाचा डिंक तडकतो. मग लोक कूलर लावतात, आणि धोका तिथूनच सुरू होतो. खसाच्या ताट्यांतून येणारी ओली हवा दिवसभर खोलीत भरून राहते. बाहेर रखरखीत ऊन असले तरी कूलरच्या खोलीतला कागद दमट झालेला असतो. त्या हवेत न वापरलेल्या तिकिटांचा मागचा डिंक पाघळतो, कव्हरे एकमेकांना चिकटतात आणि पावसाळा येईपर्यंत तपकिरी ठिपके उमटू लागतात. म्हणून संग्रहाचे कपाट कूलर असलेल्या खोलीत ठेवूच नये. जागा नसेल तर निदान झोताच्या विरुद्ध बाजूला, आणि पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीला टेकवून नव्हे. लोखंडी कपाट भिंतीपासून चार बोटे दूर असावे.

कव्हरे ठेवायच्या पारदर्शक पिशव्या घेताना पी.व्ही.सी. टाळावे. त्यातले मऊपणा आणणारे रसायन कालांतराने बाहेर येते, पिशवी चिकट होते आणि छपाईची शाई तिला लागते. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरच्या पिशव्या घ्याव्यात. ओळखण्याची सोपी खूण अशी की पी.व्ही.सी.ला नव्या रेक्झिनसारखा वास येतो. लॅमिनेशन कधीही, कोणत्याही कारणाने करू नये. कव्हरावरचे तिकीट पाण्यात भिजवून काढणे हे तर लहानपणच्या वहीतले काम. कव्हरापासून तिकीट सुटले की दोन्ही निरर्थक होतात.

वस्त्रांच्या कव्हरांना आणखी एक खास काळजी लागते, कारण काही कव्हरांवर खऱ्या कापडाचा तुकडा किंवा जरीची पट्टी चिकटवलेली असते. रेशीम, टसर आणि लोकर हे प्राणिज तंतू असल्यामुळे कसर आणि कापड खाणारे किडे त्यांच्याकडे आधी वळतात. डांबराच्या गोळ्या कव्हरांच्या जवळ ठेवल्या तर त्यांची वाफ प्लास्टिकवर आणि शाईवर परिणाम करते, म्हणून त्या टाळून दर दोन-तीन महिन्यांनी अल्बम उघडून पाने हवेशीर करणे आणि किडीची तपासणी करणे हाच भरवशाचा उपाय आहे. जरीसाठी रबर बँड घातक आहे. रबरातल्या गंधकामुळे चांदीचा मुलामा काळा पडतो, त्यामुळे कव्हरांचा गठ्ठा रबराने बांधण्याची सवय असेल तर ती आजच सोडावी. तुकडा लावलेल्या कव्हरांवर दुसरे कव्हर थेट ठेवू नये. मध्ये ग्लासिन कागद (गुळगुळीत, अर्धपारदर्शक कागद) घालावा. स्वयंपाकघरातला बटर पेपर तसाच दिसतो, पण तो आम्लविरहित असेलच असे नाही. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या रंग बदलल्यावर वाळवून पुन्हा वापराव्यात. सिलिका जेल उन्हाळ्यात काढून ठेवावे, नाहीतर आधीच कोरडा झालेला कागद ठिसूळ होतो.

नोंद आणि पान

कव्हरावर पेनने काहीही लिहू नये. नोंदवहीत किंवा संगणकावरच्या तक्त्यात प्रत्येक कव्हराला क्रमांक द्यावा आणि विषय, सर्कल, शिक्क्याचे गाव व पिन, तारीख, लावलेले तिकीट, मान्यता क्रमांक, कोठून आणि केवढ्याला घेतले, व मजकुरातल्या चुका एवढे टिपावे. दोन्ही बाजूंचे स्कॅन काढून ठेवले की वारंवार हाताळावे लागत नाही.

पानावरचा मजकूर थोडका असावा. करवत काटीच्या पानावर एवढे पुरे: «करवत काटी. टसरचे अंग, भरीव काठ, तीन धोट्यांची अडकवणी. दाते काठाच्या आतल्या बाजूला, विणीतूनच तयार झालेले.» आणि खाली शिक्क्याचा तपशील. कव्हर चिकटवायचे नाही, चारही कोपऱ्यांना पारदर्शक कोपरे लावून बसवायचे.

प्रदर्शनाची तयारी

एका फ्रेमच्या, म्हणजे पाने मांडायच्या एका चौकटीच्या, वर्गात सोळा ए-फोर पाने लागतात. इथे नवख्यांची एक गैरसमजूत दूर करणे भाग आहे: विषयवार वर्गात परीक्षक तिकीट, शिक्का आणि टपाल साहित्य यांना गुण देतात, लिफाफ्यावरच्या छापील चित्राला नव्हे. सोळाच्या सोळा पानांवर रंगीत विशेष आवरणे लावली तर फ्रेम देखणी दिसते आणि गुण कमी पडतात. म्हणून सामग्रीत वैविध्य हवे. शासकीय योजनांच्या जाहिराती असलेली पंचवीस पैशांची मेघदूत पोस्टकार्डे पाहावीत, त्यांत हातमागाचे विषय सापडतात. कापड गिरण्यांच्या फ्रँकिंग मशीनचे, म्हणजे तिकिटाऐवजी टपालखर्चाचा छाप उमटवणाऱ्या यंत्राचे, लाल छाप शोधावेत.

आणि नागपूरकराच्या हाती जो खजिना आहे तो जुन्या व्यापारी टपालाचा. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी इथे एम्प्रेस मिल सुरू केली, आणि त्या आधीपासून व नंतर इतवारी, गांधीबाग, महाल या भागांतल्या पेढ्यांचा सुताचा, कापसाचा आणि साड्यांचा पत्रव्यवहार चालू होता. जुन्या घरांच्या आवराआवरीत निघणाऱ्या वह्या-चोपड्यांबरोबर असे लिफाफे रद्दीत जातात. रद्दीवाल्याशी ओळख ठेवणे हा या छंदाचा अविभाज्य भाग आहे. पेढीचे नाव छापलेला, वापरलेला, तारखेचा शिक्का स्पष्ट असलेला एक लिफाफा दहा नव्या कव्हरांपेक्षा जास्त बोलतो. जुन्या तिकिटांवर बारीक छिद्रांनी पाडलेली आद्याक्षरे दिसली तर ते तिकीट मुळीच काढू नये. कारकुनांनी कचेरीतली तिकिटे विकू नयेत म्हणून पेढ्या अशी छिद्रे पाडत. १९६५ चे जमशेटजींचे तिकीट अशा पानाला शोभून दिसते.

घरात सहावी ते नववीतले मूल असेल तर त्याच्या नावाने वेगळे खाते उघडावे, कारण टपाल खात्याच्या दीनदयाळ स्पर्श योजनेत या इयत्तांच्या विद्यार्थ्यांना वर्षाला सहा हजार रुपयांची शिष्यवृत्ती मिळू शकते. त्यासाठी शाळेच्या फिलाटेली क्लबचे सदस्यत्व किंवा स्वतःचे खाते असावे लागते, आणि प्रश्नमंजुषा व प्रकल्प यांतून निवड होते. वस्त्रांचा प्रकल्प त्या वयाच्या मुलांना छान जमतो, फक्त आईबापांनी तो स्वतः करून देऊ नये.

संग्रह काही वर्षे मुरल्यावर पुढची पायरी म्हणजे नव्या कव्हराचा प्रस्ताव. विणकरांची सहकारी संस्था, महाविद्यालय किंवा संग्राहक मंडळ ठरावीक शुल्क भरून सर्कलकडे विशेष आवरणासाठी अर्ज करू शकते. अर्ज नियोजित तारखेच्या काही महिने आधी करावा. सोबत मजकूर, शिक्क्याचे रेखाचित्र, मानांकनाचा तपशील आणि मागावरच्या कापडाची स्वच्छ छायाचित्रे जोडावीत. शिक्क्यासाठी बारीक नक्षी देऊ नये, कारण लहान वर्तुळात ती शाईने भरून काळा डाग होतो. करवत काटीसाठी दात्यांची एक ठसठशीत ओळ पुरेशी आहे. छपाईला जाण्यापूर्वीचा मसुदा हाती आला की तो आधी मागावर बसणाऱ्याला दाखवावा आणि दाते कोणत्या बाजूला आहेत हे त्याच्याकडून तपासून घ्यावे.